एकतीस मार्चची एक ओळ

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



नाताळच्या आठवड्यात ‘कामाचा ताण आणि ख्रिस्ती विचार’ या विषयावर बोला, असा निरोप आला तेव्हा मी आधी विचारून घेतलं की, निरोप चुकीच्या पत्त्यावर तर आला नाही ना? मी मुसलमान माणूस. मराठीत कविता करतो. त्यामुळे ‘तुमचं मराठी किती छान आहे हो!’ हे वाक्य मला वर्षातून दहा-बारा वेळा ऐकावं लागतं. मराठी माझ्या आईचीच भाषा आहे, हे सांगून सांगून आता मी थकलो आहे. त्यात आता ख्रिस्ती विचारांवर बोलायचं. पण पलीकडून उत्तर आलं, ‘तुम्ही मागे एकदा तुमच्या मास्तरांबद्दल बोलला होता. त्यांच्याबद्दल बोला.’ मग मात्र नाही म्हणता आलं नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी कार्यालयात ते आमचे हेडक्लार्क होते. मूळचे वसईकडचे. रविवारी चर्चमध्ये लहान मुलांना धर्मशिक्षण द्यायचे, म्हणून कार्यालयातही त्यांना सगळे मास्तरच म्हणत. मी बी. ए. होऊन १९९० साली नोकरीला लागलो आणि त्यांच्या हाताखाली आवक बारनिशीच्या टेबलावर बसलो. बारनिशी म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या कागदांची नोंदवही. आलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक आणि तारीख द्यायची. वरवर पाहता हे कार्यालयातलं सर्वांत निरुपद्रवी काम.

आमच्याकडे एक जुनी रीत होती. दिवसाच्या शेवटी बारनिशीत दोन-तीन ओळी कोऱ्या सोडायच्या आणि मग दुसऱ्या दिवसाची तारीख घालायची. ‘लागतात रे कधी कधी,’ एवढंच मला आधीच्या कारकुनाने सांगितलं होतं. कशाला लागतात, ते मला १९९२ च्या मार्चमध्ये कळलं.

सरकारी कार्यालयातला मार्च ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो सांगून कळणार नाही. वर्षभर निजलेल्या फायली एकदम जाग्या होतात. एकतीस तारखेपर्यंत बिल ट्रेझरीत गेलं नाही तर मंजूर झालेला पैसा परत जातो. मग ठेकेदार दारात, पुढाऱ्यांचे फोन साहेबांना आणि साहेबांचा आवाज आम्हाला. रात्री अकरापर्यंत दिवे चालू. त्या वर्षी रमजान नेमका मार्चमध्ये आला होता, म्हणजे मला रोजे. आणि मास्तरांचा ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ चालू होता, म्हणजे त्यांचेही उपवास. कॅन्टीनचा पोऱ्या आमच्या दोन टेबलांना वळसा घालून पुढे जायचा. सूर्य मावळायची वेळ झाली की मास्तर खणातून कागदाची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवायचे. तीत चार खजूर असत. बोलायचे काही नाहीत.

एकतीस मार्चला दुपारी चारच्या सुमारास साहेबांनी मला आत बोलावलं. डोंगरावरच्या एका वाडीत शाळेच्या दोन खोल्यांचं काम होतं. भिंती उभ्या होत्या, छप्पर नव्हतं. पण काम पूर्ण झाल्याचा दाखला मात्र ठेकेदार घेऊन आला होता. तो दाखला वीस तारखेला आल्याची नोंद हवी होती, म्हणजे मधली तपासणी झाली असं दाखवता आलं असतं. साहेब वाईट मनुष्य नव्हते. ते म्हणाले, ‘पैसे परत गेले तर पोरं अजून एक पावसाळा पडवीत बसतील. छप्पर तर तो घालणारच आहे.’ मी बाहेर आलो, वीस तारखेखालच्या कोऱ्या ओळीवर दाखल्याची नोंद केली. एक मिनिटही लागलं नाही. तोंडात सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता आणि हाताने मी खोटी तारीख लिहीत होतो. ही विसंगती त्या क्षणी माझ्या ध्यानातही आली नाही, हे मला आजही सर्वांत जास्त बोचतं. ताणाचं खरं काम हेच असतं. तो माणसाला एकदम वाईट करत नाही, फक्त त्याचं लक्ष उडवतो.

फाईल मास्तरांकडे गेली. त्यांनी बारनिशी मागवली. वीस तारखेच्या बाकीच्या नोंदी निळ्या शाईत होत्या आणि एक ओळ काळ्या. त्यांनी मला जवळ बोलावून हळू विचारलं, ‘ही कधी लिहिलीस?’

‘आत्ता.’

‘कुणी सांगितलं?’

मी दाराकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, ‘सांगणाऱ्याचं मी बघतो. पण लिहिलं तू आहेस. लाल शाईने ती ओळ काट, बाजूला सही कर आणि आजची तारीख घालून आजच्या पानावर नवीन नोंद कर.’

मी म्हटलं, ‘मास्तर, पैसे परत जातील.’

‘जातील,’ ते म्हणाले.

मग त्यांनी फायलीवर टिपणी लिहायला घेतली. आवाज चढवला नाही, साहेबांबद्दल वाकडा शब्द काढला नाही. दाखला आज मिळाला, मोजमाप पुस्तकात छपराच्या कामाची नोंद नाही, सबब निर्णयासाठी सादर. चार ओळींची टिपणी लिहायला त्यांना अर्धा तास लागला, कारण त्यातला एकही शब्द कुणाला दुखवण्यासाठी असू नये, असा त्यांचा कटाक्ष होता. त्या टिपणीवर मंजुरीची सही करण्याचं धाडस साहेबांना झालं नाही. पैसे परत गेले.

त्या रात्री एसटी स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. मला वाटलं, आता प्रवचन मिळेल. त्यांनी फक्त एक गोष्ट सांगितली. ती लूकच्या शुभवर्तमानात आहे. बाप्तिस्मा देणारा योहान, ज्यांना आम्ही हजरत याह्या म्हणतो, यार्देन नदीकाठी लोकांना उपदेश करत होता. तेव्हा जकातदार त्याच्याकडे आले, शिपाई आले. आम्ही काय करावं, असं त्यांनी विचारलं. जकातदार म्हणजे परक्या राजवटीचे वसुली करणारे, लोक त्यांच्या सावलीलाही उभे राहत नसत. पण योहानाने त्यांना नोकरी सोडा असं सांगितलं नाही. जेवढं ठरलं आहे त्याहून अधिक घेऊ नका, असं सांगितलं. शिपायांना म्हणाला, कुणाला धाक घालून पैसे काढू नका, खोटे आळ घेऊ नका, पगारात भागवा. मास्तर म्हणाले, ‘बघ, अरण्यात टोळ आणि मध खाऊन राहणारा माणूस. त्याने सांगायला हवं होतं, सोडा सगळं आणि चला माझ्याबरोबर. तो म्हणाला, टेबलावर परत जा, पण नीट बस.’

माझ्या मते या गोष्टीत फार मोठा अर्थ आहे. कामाचा ताण असह्य झाला की आपल्याला दोनच वाटा दिसतात. एक तर सगळं सोडून द्यायचं, नाही तर सगळे करतात तसं करायचं. टेबलावर परत जाऊन नीट बसण्याची तिसरी वाट दिसायला कुणी तरी दाखवावी लागते.

पण श्रोतेहो, गोष्ट इथे संपली असती तर मी ती सांगितली नसती. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि त्या वाडीचे सरपंच कार्यालयात आले. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. ते माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, ‘भाऊ, तुमच्या एका तारखेपायी पोरं पडवीत बसलीत. पागोळ्या आत येतात.’ माझ्यापाशी उत्तर नव्हतं. आजही नाही. खरी तारीख लिहिल्याची किंमत साहेबांनी मोजली नाही, मी मोजली नाही, ठेकेदाराने तर नाहीच नाही. ती सहा-सात वर्षांच्या मुलांनी मोजली. सचोटीच्या गोष्टी सांगताना हा भाग बहुतेक जण गाळतात.

मास्तर उठले, सरपंचांना चहा पाजला, त्यांना शेजारी बसवून नवा प्रस्ताव स्वतःच्या हाताने लिहिला. मग दर शुक्रवारी ते त्या फायलीचा माग काढत. कुठल्या टेबलावर आहे, काय अडलं, कोणता कागद हवा. पुढच्या फेब्रुवारीत पैसे आले आणि छप्पर पडलं. नकार दिला की आपलं काम संपलं असं ते मानत नसत. ते म्हणत, ‘नाही म्हटलेल्या कामाची जबाबदारी हो म्हटलेल्या कामापेक्षा जास्त असते.’

त्या प्रकरणानंतर मी मात्र खचलो होतो. साहेब बोलत नव्हते, सहकारी टाळत होते. आपली एक ओळ सगळ्यांच्या डोळ्यांवर आली, या विचाराने झोप लागत नव्हती. म्हणून मी रात्री उशिरापर्यंत बसून काम उपसत होतो. जणू जादा काम करून डाग धुता येतो. एक दिवस मास्तरांनी माझ्या टेबलावरचा दिवा बंद केला. म्हणाले, ‘एलियाची गोष्ट ठाऊक आहे?’ हजरत इलियास आम्हालाही ठाऊक आहेत, पण ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. जुन्या करारातला हा संदेष्टा राजाराणीशी झगडून झगडून थकतो. राणी त्याच्या जिवावर उठते. तो रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, पुरे झालं, मला मरण दे. आणि झोपी जातो. देवदूत येऊन त्याला हलवतो. उपदेश नाही, दटावणी नाही, पुढच्या कामाची यादी नाही. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवलेलं असतं. ऊठ, खा. तो खातो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा जेवू घालतो, कारण पल्ला लांबचा आहे. देवाशी बोलणं त्यानंतर चाळीस दिवसांनी होतं. मास्तर म्हणाले, ‘आधी भाकर, मग झोप, मग होरेब डोंगर. तू थेट डोंगरावर चाललायस. घरी जा.’

ताण-व्यवस्थापनाच्या शिबिरांना पुढे मला सरकारी हुकमाने दोनदा बसावं लागलं. पडद्यावर वर्तुळं आणि बाण दाखवले गेले. एलियाच्या भाकरीएवढं काही त्यात मला सापडलं नाही, पण ते असो.

मास्तरांचा दुसरा हट्ट रविवारचा. त्याच १९९२ च्या मार्चमधला शेवटचा रविवार एकोणतीस तारखेला होता. साहेबांनी सगळ्यांना हजर राहायला सांगितलं. मास्तर शनिवारी रात्री बारापर्यंत बसले, आपल्या वाट्याच्या सगळ्या फायली पुऱ्या करून साहेबांच्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, ‘उद्या येणार नाही. सोमवारी सकाळी सातला येतो.’ आणि आले. सोमवारी सातला कार्यालयाचं कुलूप त्यांनीच उघडलं.

मला तेव्हा हा कर्मठपणा वाटला होता. आमच्या शुक्रवारची रीत वेगळी. नमाज झाली की पांगा आणि आपापल्या रोजीरोटीला लागा, असं कुराणात सांगितलं आहे. विश्रांतीचा म्हणून वेगळा वार आमच्याकडे नाही. मास्तरांशी मी यावर वाद घालत असे. त्यांनी मला दहा आज्ञांतली सातव्या दिवसाची आज्ञा काढून दाखवली. तिथे विश्रांती एकट्या मालकाला नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि दारात राहणारा परका, या सगळ्यांना आहे. अनुवादाच्या पुस्तकात तर कारणही दिलं आहे की, तुम्हीही एके काळी मिसरात गुलाम होता, ते विसरू नका. गुलामाला सुट्टी नसते. म्हणून सुट्टी ही माणूस गुलाम नसल्याची खूण. आणि येशूने, म्हणजे हजरत इसांनी, याला आणखी एक वळण दिलं. हा दिवस माणसासाठी आहे, माणूस दिवसासाठी नाही, असा त्यांचा सांगावा. त्या दिवशी ते आजाऱ्यांना बरं करत आणि त्यावरून लोकांचा रोष ओढवून घेत.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. आपण सगळे जो रविवार आरामात घालवतो, तो मुंबईच्या गिरणी कामगारांना आपोआप मिळालेला नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी कित्येक वर्षं खटपट केली, तेव्हा १८९० साली गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. रविवार हा खंडोबाचाही वार. चर्चची घंटा, जेजुरीचा भंडारा आणि गिरणीचा बंद भोंगा एका दिवशी एकत्र आले, हे मला कवी म्हणून फार आवडतं.

मास्तरांचा आवडता माणूस एरिक लिडेल. त्याच्यावरचा ‘चॅरियट्स ऑफ फायर’ हा १९८१ सालचा चित्रपट त्यांनी मुंबईत पाहिला होता. स्कॉटिश धावपटू. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक शर्यत रविवारी होती, म्हणून तो धावला नाही. चित्रपटात त्याला हे बोटीत चढताना कळतं. प्रत्यक्षात वेळापत्रक कित्येक महिने आधी कळलं होतं आणि त्याने नकारही तेव्हाच कळवला होता. मला ही खरी हकीकत चित्रपटापेक्षा मोलाची वाटते. कारण नकार देऊन तो स्वस्थ बसला नाही. जी शर्यत त्याची नव्हती त्या चारशे मीटरचा त्याने महिनोन्‌महिने सराव केला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक घेतलं. मास्तरांची शनिवारची रात्र मला तिथे दिसते.

लिडेलची पुढची हकीकत मी नंतर वाचली. तो चीनमध्ये मिशनरी म्हणून गेला. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्याला वेईशिएन इथल्या छावणीत इतर परदेशी लोकांबरोबर कोंडून ठेवलं. तिथे आईबापांपासून ताटातूट झालेली शाळकरी मुलं होती. त्यांच्यासाठी तो खेळ भरवायचा, पण रविवारी नाही. मग एका रविवारी मुलांनी आपापली हॉकी खेळायला घेतली आणि पंच नसल्यामुळे मारामारी झाली. पुढच्या रविवारपासून लिडेल स्वतः शिट्टी घेऊन मैदानात उभा राहिला. ऑलिंपिकच्या पदकासाठी ज्याने रविवार मोडला नाही, त्याने तो मुलांच्या भांडणासाठी मोडला. फेब्रुवारी १९४५ मध्ये, छावणी सुटण्याच्या काही महिने आधी, मेंदूतल्या गाठीने तो तिथेच वारला.

हे वाचलं तेव्हा मला १९९२ च्या ऑक्टोबरमधला एक रविवार आठवला. माझी आई इस्पितळात होती. आठ दिवस मी कार्यालयात गेलो नव्हतो आणि सोमवारी लेखापरीक्षण होतं. बारनिशी अर्धवट. रविवारी दुपारी आईला सलाईन लावलेलं असताना शिपाई निरोप घेऊन आला, ‘मास्तर मिस्सा आटोपून ऑफिसात आलेत. तुमची वही पुरी करतायत. तुम्ही येऊ नका म्हणाले.’ सोमवारी मी वही पाहिली. आठ दिवसांच्या नोंदी त्यांच्या टपोऱ्या अक्षरात होत्या. प्रत्येक दिवसाच्या शेवटी, जिथे पूर्वी कोऱ्या ओळी सोडत, तिथे लाल पेन्सिलीची तिरपी रेघ होती.

१९९३ च्या जूनमध्ये मास्तरांची बदली झाली. सर्वांत जवळचं चर्च एसटीने दोन तासांवर, अशा ठिकाणी. शिक्षा म्हणून की नियमाने, ते सांगता येत नाही. सरकारात या दोन्हींचा कागद सारखाच असतो.

हे सगळं आज आठवायला कारण माझा भाचा. तो पुण्याला हिंजवडीत संगणक कंपनीत आहे. परवा रात्री एक वाजता त्याचा फोन आला. ‘मामू, तेरा तास काम केलं. वरिष्ठ म्हणतात टाइमशीटवर आठच लिही, नाहीतर टीम अकार्यक्षम दिसते. काय करू?’ बत्तीस-तेहतीस वर्षांनी माझी बारनिशी संगणकाच्या पडद्यावर माझ्यासमोर उभी होती. मी त्याला मास्तरांची गोष्ट सांगितली. ती त्याने शांतपणे ऐकली आणि म्हणाला, ‘मामू, तुमच्या मास्तरांना पेन्शन होती.’

त्याचं खरं आहे. मास्तरांना बदलीच्या पलीकडे कुणी काही करू शकत नव्हतं. याला नोकरीवरून काढल्याची मेल येऊ शकते आणि घराचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो. नायकाच्या गोष्टी सांगून दुसऱ्याच्या पोटावर पाय आणणं मला पटत नाही. मी त्याला एवढंच म्हटलं, ‘आधी जेव. मग झोप. मग सकाळी बघू.’ सकाळी त्याने तेरा तास लिहिले आणि वरिष्ठांना नम्रपणे कळवलं की हे काम दोन माणसांचं आहे. पुढे काय होईल, ते अजून कळायचं आहे. घरी सगळेच जरा धास्तीत आहोत.

गेल्या नाताळात मी मास्तरांना भेटायला वसईला गेलो होतो. आता ते त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. आजूबाजूला इमारती उठल्या आहेत, पण त्यांची केळीची वाडी आणि तिच्या कडेचं बावखल अजून टिकून आहे. पाणी उपसायचा पंप बिघडला होता, तो उघडून ते अंगणात बसले होते. हातांना ग्रीस. भाच्याचं सांगितलं, तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘त्याला इकडे घेऊन ये एकदा. रविवारी.’ आणि पंपाबद्दल सांगू लागले. एवढ्यात चर्चची संध्याकाळची घंटा झाली. वाक्य अर्ध्यावर टाकून ते उभे राहिले, हात कपड्याला पुसले, कपाळ-छाती-खांद्यावर क्रूसाची खूण केली. ओठ हलत होते. मीही उभा राहिलो. माझ्या मगरीबची वेळ झालीच होती. मिनिटभराने ते खाली बसले, पान्हा उचलला आणि जिथे वाक्य सोडलं होतं तिथूनच पुढे म्हणाले, ‘तर वॉशर झिजलाय. दुकानदार म्हणतो पंपच बदला. कशाला बदलायचा?’